एक थाप म्हणजे हळू

जबाब देणार: जखमी मोटारसायकलस्वाराची सख्खी धाकटी बहीण. वय २३ वर्षे. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, घरातली पहिली. व्यवसाय रस्त्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता. राहणार भावाच्या घरी. पूर्वी पुढची खोली, त्याच्या लग्नापासून मागची.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, अपघाताच्या वेळी माझी वहिनी मागे बसून भावाशी काय बोलत होती, असे मला प्रथम विचारण्यात आले. याचे उत्तर मला देता येत नाही. त्या जागेवर मी नव्हते. कॉलेजची चार वर्षे तिथे मीच बसत असे, तेव्हा मी काय बोलायचे ते सांगू शकेन. पण त्याची गरज नाही असे अंमलदारसाहेबांनी सांगितले.

नदीकडे जाणारा नवा डांबरी रस्ता माझ्या देखरेखीखाली झाला. अशा रस्त्यावर सुरुवातीचे काही आठवडे खडीवर डांबराचा पातळ पापुद्रा असतो. चाक खडीला टेकतच नाही, डांबरावरून सरकते, आणि ब्रेक दाबला की जास्तच. चारचाकीला फारसे जाणवत नाही. दुचाकी आडवी होते. म्हणून वर दगडाची बारीक चुरी पसरायची असते. शनिवारी मी समोर उभी राहून ती पसरून घेतली. रविवारी मला सुट्टी होती.

सोमवारी सकाळी भाऊ म्हणाला, "इंजिनिअरबाई, तुमचा रस्ता हिला दाखवून आणतो." मी म्हणाले, "चुरी टाकली आहे, जा बिनधास्त." मला चल म्हणून कोणी विचारले नाही. गाडीवर तिसरी जागा नसते हे मला मान्य आहे. वहिनीने हेल्मेट घातले. ते हेल्मेट माझे आहे. पट्टा तिने आपल्या मापाचा करून घेतला आहे.

थोड्या वेळाने फोन आला. मी पोहोचले तेव्हा दोघांना दवाखान्यात नेले होते. मोटारसायकल वळणावर आडवी पडली होती. टायर चांगले होते. भाऊ टायरचेच दुकान चालवतो. मी रस्त्यावर हात फिरवला. तळहाताला चुरीचा कण लागला नाही. सगळी झाडून कडेला ढीग केले होते. कामावरच्या साहेबांना विचारले तर म्हणाले, "अहो, काल पाहुणे आले होते, फोटो काढायचे होते. एवढा आरशासारखा रस्ता, त्याच्यावर धूळ कशाला?" घसरण्याचा धोका असल्याचा बोर्डही फोटोत येतो म्हणून त्यांनी काढून ठेवला होता.

भावाच्या मांडीचे हाड मोडले आहे. दवाखान्यात आई वहिनीला सर्वांसमोर म्हणाली, "मागे बसून सारखी वटवट करत असशील. पोराचं लक्ष उडालं असणार." मी आईला थांबवले नाही. ते ऐकायला मला बरे वाटत होते, हेही लिहून घ्यावे.

वहिनी म्हणाली, "आई, मी काही बोलत नव्हते हो. वळण दिसलं म्हणून खांद्यावर एक थाप मारली. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. यांनी लगेच ब्रेक दाबला, आणि गाडी खालून निघूनच गेली."

गाडी पळत असताना हेल्मेटमधून आवाज नीट ऐकू येत नसे म्हणून ही खूण भावाने आणि मी ठरवली होती. घरात तिसऱ्या कोणाला ती माहीत नव्हती. त्याने ती तिला शिकवली, हे मला दवाखान्यात कळले. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

मात्र त्यामुळेच वहिनी खरे बोलते आहे याची मला खात्री आहे. थाप पडली की भाऊ वेग कमी करतोच. तो वेगात नव्हता. त्याने ब्रेक दाबला, आणि चाकाखाली पकड नव्हती. मी मागे असते तर त्या वळणावर मीही थाप मारली असती.

दुपारी साहेबांचा फोन आला. "तुमचाच भाऊ, तुमचं कोण खोटं मानणार? वेगात होता, एवढंच सांगा. नवी बायको मागे असली की पोरं गाडी उडवतातच. नोकरीचं बघा जरा." मी फोन ठेवला. इथे येण्यापूर्वी मी त्या रस्त्यावर पिंपे आडवी लावून दुचाकींना तो बंद केला आहे आणि मजुरांना चुरी पुन्हा पसरायला लावली आहे. साहेबांची परवानगी घेतलेली नाही.

लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला. त्यात "मागे बसलेल्या स्त्रीने धक्का दिल्याने" असे आले होते. बाहेर बाकावर आई बोलत होती, तिथून ते आले असावे. "धक्का" खोडून मी "थाप" लिहायला लावले, आणि त्याआधी "आमच्या घरातल्या खुणेप्रमाणे" एवढे शब्द घातले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. खोडलेल्या शब्दाशेजारी मी सही केली आहे.