अश्वजित पेंटर जेवणातून उठला त्याची हकीकत

पोलीस स्टेशन दिग्रस, जिल्हा यवतमाळ
दिनांक ०१/१२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव शेख गफ्फार शेख मुजफ्फर, वय ५२ वर्षे, धंदा दुचाकी दुरुस्ती, शिक्षण नववी, राहणार जुन्या जिनिंगच्या मागे, दिग्रस.

मी स्वतः हजर होऊन, हरवलेल्या इसमाच्या चौकशीत विचारले म्हणून तोंडी सांगतो की, वरील पत्त्यावर मी आई अकीला व पत्नी मेहनाज यांच्यासह राहतो. माझे बसस्टँड रोडवर गॅरेज आहे. हरवलेला इसम अश्वजित श्रावण मुनेश्वर, वय ५१, हा माझा पाचवीपासूनचा दोस्त आहे. हरवल्याच्या खबरेत त्याचा धंदा मजुरी असा लिहिला आहे. त्याची पत्नी दीपावहिनी यांनी घाबरून तसे सांगितले असेल. तो मजूर नाही, पेंटर आहे. दिग्रसमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत, माझ्या गॅरेजचीही आहे. हे दुरुस्त करून घ्यावे.

मी, अश्वजित, शिलाईकाम करणारा अय्याज आणि एसटी ड्रायव्हर भावसिंग असे आम्ही चौघे दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी मिलन भोजनालयात जेवायला बसतो. हे भोजनालय आमच्याच मोहल्ल्यात आहे व बसंतीबाई ते चालवतात. तिथे फक्त शाकाहारी जेवण मिळते, त्यामुळे चौघांपैकी कोणाचीच अडचण होत नाही. चार वर्षांत आमचा एकही शनिवार चुकला नव्हता.

दिनांक २२/११/२०२५ रोजी सायंकाळी सव्वासातला मी तिथे पोचलो. भावसिंग आणि अय्याज आधीच बसले होते. साडेसातच्या सुमारास अश्वजित पायी आला. पूर्वी तो सायकलने येत असे, दोन महिन्यांपासून पायी येत होता. दारातून टेबलापर्यंत तो भिंतीला हात लावत आला. मी म्हणालो, "लावून आला का बे?" त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हे मला माहीत आहे. मी गंमत केली. तो म्हणाला, "बाहेर लाईट कमी आहे." बाहेर लाईट होते. मीच त्या खांबाखाली गाडी लावून आलो होतो.

तो नेहमीच्या जागेवर बसला. त्या जागेसमोरच्या भिंतीवर पूर्वी जेवणाची यादी रंगवलेली होती. ती अश्वजितनेच वीस वर्षांपूर्वी काढली होती. यंदा दसऱ्याला बसंतीबाईंनी त्या भिंतीचे प्लास्टर फोडून पांढऱ्या टाइल्स लावल्या आणि यादीचे फोटोवाले फ्लेक्स उलट्या बाजूला, म्हणजे अश्वजितच्या पाठीमागे टांगले. ऑक्टोबरच्या शनिवारी अश्वजितच्या आईची तब्येत बरी नव्हती म्हणून आम्ही डबा घेऊन त्याच्याच घरी बसलो होतो. त्यामुळे टाइल्स लागल्यानंतर तो तिथे पहिल्यांदाच आला होता.

मी त्याला म्हणालो, "पेंटर, वाच बे, काय काय आहे आज." नेहमीची थट्टा होती, यादी आम्हा चौघांनाही पाठ आहे. तो समोरच्या टाइल्सकडे पाहून वाचू लागला. पाटोडी रस्सा, डाळभाजी, शेवभाजी, भरलं वांगं, मटकीची उसळ, ज्वारीची भाकर. खालची सूचनाही त्याने वाचली. ताटात अन्न टाकू नये, हुकमावरून. त्याच्याखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याची सही असायची, तीही वाचली. अश्वजित पेंटर, दिग्रस. मटकीची उसळ बंद होऊन चार वर्षे झाली आहेत.

आम्ही हसलो. भावसिंगच्या नाकात पाणी गेले. आम्हाला वाटले की टाइल्स बसवून आपले काम पुसले म्हणून तो बसंतीबाईंना टोमणा मारतो आहे. मी म्हणालो, "टाइलवर कायचं वाचून राह्यला बे? यादी तं तुया मांगं आहे." त्यावर अश्वजितने हात पुढे करून टाइलवर फिरवला. मग तोही हसला. तो आमच्यानंतर हसला, हे मला आता आठवते. बसंतीबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "माह्या भिंतीले पेंटर इसरले नाही." त्या खूश झाल्या होत्या.

मी तीस वर्षे गाडीचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो आहे. समोर बसलेल्या माणसाचे मला काही कळले नाही. याची मला लाज वाटते. हे जबाबात बसत नसेल तर हवालदार साहेबांनी गाळावे, असे मी म्हणालो. त्यांनी राहू दे म्हटले.

जुलै महिन्यात माझ्या एका गिऱ्हाईकाने ट्रॉलीवर नाव काढायचे काम अश्वजितला दिले होते. त्यात एक अक्षर दोनदा पडले आणि ओळ खाली उतरत गेली. गिऱ्हाईक माझ्याशी भांडले. मला वाटले, पेंटरचे लक्ष राहिले नाही, वयाने आळस आला. तेव्हापासून मी अशी कामे रेडियमवाल्याकडे पाठवू लागलो. हे मी अश्वजितला सांगितले नाही. त्यानेही कधी विचारले नाही. रोज सकाळी चहाला मात्र गॅरेजवर यायचा.

त्या दिवशी जेवणात त्याने अर्धी भाकर खाल्ली. दहीमिरचीची वाटी त्याच्या कोपराजवळ होती, ती सांडली. अय्याजने पुसून घेतले. आठ वाजून गेल्यावर अश्वजितने मला विचारले, "गफ्फार, केव्हा निघून राह्यला?" माझे आणि त्याचे घर एकाच रस्त्यावर आहे. मी म्हणालो, "बस ना, कायची घाई आहे." भावसिंग पुढच्या महिन्यात रिटायर होतो, त्याचे बोलणे चालले होते. दहा-पंधरा मिनिटांनी अश्वजितने पुन्हा विचारले, "चालतं का?" मी चहा सांगितला आहे, असे म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. त्याला सोबत पाहिजे होती आणि तसे म्हणायचे नव्हते, हे मला आज कळते. आठ चाळीसला तो उठला. "येतो" म्हणाला व एकटाच बाहेर पडला. अंगात पांढरा फुल शर्ट, काळी पॅन्ट, पायात चपला होत्या. आम्ही तिघे सव्वानऊपर्यंत बसलो.

पावणेदहाला दीपावहिनींचा फोन आला की हे घरी आले नाहीत. भोजनालयापासून त्यांचे घर दहा मिनिटांवर आहे. मी, अय्याज व भावसिंग यांनी तो रस्ता, बसस्टँड, बाजार आणि बुद्धविहार पाहिले. त्याचा मोबाईल घरीच चार्जिंगला होता. दीपावहिनींनी मला विचारले, "भाऊ, निंगतानी काय म्हणले ते?" मी सांगितले, "येतो म्हणला." त्या म्हणाल्या, "मंग येतीन." तेव्हापासून त्या घराच्या दाराला आतून कडी लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस स्टेशनला खबर दिली. त्यानंतर आम्ही नेर, मारेगाव, पुसद इथल्या नातेवाइकांकडे जाऊन आलो. भावसिंगने प्रत्येक डेपोत फोटो लावला. कोणी पाहिल्याचे सांगत नाही.

दिनांक २७/११/२०२५ रोजी दीपावहिनींना ब्रशच्या पेटीत खालच्या कागदाखाली यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. ती इंग्रजीत होती म्हणून त्यांनी मला आणून दाखवली व मी मेडिकलवाल्याकडून वाचून घेतली. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असून नस सुकली आहे, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार टिकणार नाही, असा तिचा अर्थ आहे. तारीख जून महिन्याची आहे. घरात, गॅरेजवर, कोणालाही त्याने सांगितले नाही. ट्रॉलीचे काम जुलैचे होते.

चिठ्ठीचे अश्वजितची आई मथुराबाई, वय ७८, यांना सांगितले तेव्हा मी हजर होतो. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन अश्वजितनेच करून आणले होते. त्या म्हणाल्या, "माह्ये डोये त्यानं नीट केले. मले सांगतलं असतं तं म्या हात धरून फिरवलं असतं त्याले."

काल दिनांक ३०/११/२०२५ रोजी नदीच्या घाटावर सापडलेल्या चपला मला आज इथे दाखवण्यात आल्या. त्या अश्वजितच्या आहेत. डाव्या चपलेच्या पट्ट्यावर निळ्या ऑइल पेंटचे तीन ठिपके आहेत, ते माझ्याच गॅरेजच्या पाटीचे आहेत. दोन्ही चपला शेवटच्या पायरीवर जोडीने ठेवलेल्या होत्या, असे मला सांगण्यात आले. घाट त्याच्या घराच्या रस्त्यावर नाही, उलट्या दिशेला आहे. अंधारात चुकून तिकडे गेला असेल, असे मी अय्याजला म्हणालो. चुकलेला माणूस चपला जोडीने काढून ठेवत नाही, हे मलाही समजते. पाण्यात शोध चालू आहे. तो जिवंत सापडेल असे मला वाटत नाही.

माझा कोणावर संशय नाही. त्याचे कोणाशी भांडण नव्हते.

वरील मजकूर हवालदार देवसिंग यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. आठ चाळीसची ओळ आली तेव्हा मी त्यांना थांबवले. तिथे "येतो" असे लिहिले आहे. लिहिणाऱ्याची चूक नाही, मीच तसे सांगितले होते. दीपावहिनींनाही मीच तसे सांगितले, कारण त्यांच्याकडे पाहून दुसरे काही तोंडातून निघाले नाही. नऊ दिवस तेच सांगत आलो. ते खरे नाही.

अश्वजित उठून "चाला, जातो मी" असे म्हणाला. घरातून निघताना असे कोणी म्हणत नाही, आमच्याकडेही नाही. माझी आई आजही मला दारातून परत बोलावून "आता हूँ" म्हणायला लावते. भावसिंगने ते ऐकले व तो मागून ओरडला, "येतो म्हण बे." अश्वजित दाराची चौकट चाचपत होता. तो थांबला. त्याला पुन्हा बोलावले असते तर तो आला असता. तेवढ्यात चहा आला व मी भावसिंगला म्हणालो, "जाऊ दे त्याले."

हे माझे शब्द आहेत व ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. दीपावहिनी बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना ही दुरुस्ती मी स्वतः सांगेन, कोणी वाचून दाखवू नये. एवढा बदल धरून बाकी जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
शेख गफ्फार शेख मुजफ्फर

समक्ष
देवसिंग, पोलीस हवालदार