मागे न सरकणारं यान

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर मेहुण्याने भावजींसमोर मोबाईल धरला.

"आपला अवकाशयुद्धाचा पटावरचा खेळ आता मोबाईलवर आलाय. यात जखमी यान मागे सरकतच नाही."

"सरकतं. दोन घरं."

"हा नाही म्हणतोय."

"त्याला काय कळतंय? बारा वर्षं सरकवतोय आपण."

"तुम्ही सरकवताय, भावजी. माझं जखमी झालं की म्हणता, इंजिन फुटलंय."

"नियमपुस्तिकेत आहे तसं."

"परक्या भाषेतली पुस्तिका तुम्ही वाचलीत?"

"चित्रं होती की!"

"बारा वर्षं जिंकलेला चषक परत करा."

"आधी दाढ तर काढू दे, बाबा!"

भावजी आत गेले. मेहुण्याने ताईला फोन लावून शोकेसमधला चषक काढून ठेवायला सांगितलं.

साडेदहापर्यंत दाढ निघाली होती. चषक मात्र ताईने काढला नव्हता; तो अजून भावजींच्याच शोकेसमध्ये होता.