मलिदा सात वाजता

सिंगापूरमध्ये सेम्बावांगच्या बसमध्ये दुपारी चारच्या ठोक्याला पुढच्या सीटवर मोबाइलवर भोंगा वाजला आणि एक म्हातारी उठून उभी राहिली. लेक शेजारीच होती.

"खाली बस आता, आई. इस्राएलमधला शहीद सैनिकांसाठीचा भोंगा थांबला."

"तुझा भाऊ एलान तिथे लढाईत मारला गेला, दिना. दोन मिनिटं उभी राहून लगेच बसू?"

"संध्याकाळी स्मृतिदिन संपून स्वातंत्र्यदिन लागतो. सातला माणसं येतील. पोह्यांचा मलिदा करशील ना?"

"सातला इथे सूर्य मावळतो, तिथे भर दुपार. एलानचा दिवस सरला नसताना मी गोड पोहे वाटू?"

"गेल्या वर्षी वाटलेस की."

"वाटले, आणि त्याचा फोन आला. म्हणाला, आई, इथे अजून ऊन आहे."

दिनाने मोबाइल बंद केला.

"म्हण मला वेडी."

"मलाही आला होता, आई. पुन्हा वाजला तर आपण दोघीच नको, म्हणून तर यंदा एवढी माणसं बोलावलीत."