हिरॉइनला जेवायला वाढा

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारी एक आजी ऑपरेशनसाठी नाव पुकारायची वाट पाहत बसल्या होत्या. सोबत कॉलेजात शिकणारी नात होती.

"तनू, काहीतरी बोल गं. नुसतं बसून ऑपरेशनचेच विचार येतायत."

"माझ्या डिसर्टेशनचा सांगू? एक व्हिक्टोरियन लेखिका होती. तिने एका फेमस रायटरला लेटर लिहिला."

"लिहिलं म्हण. प्रेमपत्र?"

"नाही गं! त्याची कादंबरी दर महिन्याला थोडी थोडी छापून यायची. तिची आजारी बहीण ती वाचायची. आणि त्यातली हिरॉइन पण आजारी होती, आता मरणार होती."

"मेल्याला दुसरं काही सुचत नव्हतं?"

"तेच तिने लिहिलं, पण पोलाइटली. त्याचं उत्तर आलं, 'मॅडम, ती मेली नाही तर मी शेवट काय करू?'"

"मग?"

"तिने परत लिहिलं, 'तिला भूक लागू दे. जेवायला वाढा.'"

"शहाणी बाई! ऐकलं त्याने?"

"हो ना. पुढच्या महिन्यात हिरॉइन उठून बसला आणि दोन अंडी खाल्ली."

"बसली. आणि ती खरी बहीण?"

"ती पण बरी झाली. एटी-वनपर्यंत जगली."

"म्हणजे एक्क्याऐंशी? एवढंच?"

"त्या काळात ते खूप होतं, आजी."

दारातून नर्सने अडखळत हाक मारली, "वै-ज-यंटी?"

"आले, आले. तनू, हात दे. मला गेल्याच महिन्यात त्र्याऐंशी पूर्ण झाली, तुझ्या त्या बाईला सांग."