मामाची पोरगी

— नाय वन्सं, नारळ पिशवीतच राहू द्या. रेश्मा तुमच्या पंकजला द्यायची नाय. रागवू नका — पंकज चांगला पोरगा हाय, टोकावड्याला स्वतःचं गॅरेज टाकलंय, मला काय दिसत नाय? यांचा भाचा, मामाच्या पोरीवर पहिला हक्क त्याचा — सगळं मान्य. मी तरी कशी आली या घरात? तुमच्या मामाचीच पोरगी ना मी! म्हणून तर बोलतेय. ते दार लोटा आधी, ऊन आत येतंय, आमच्या धाकट्या भाविकाला चालत नाय.

तुमी म्हणता भाविकावर देवीचा कोप. कसला कोप! मुंबईच्या डाक्टरनं समोर बसवून सांगितलं. अंगाच्या कणाकणात बारीक दुपेडी दोरी असते, डोळ्याला दिसत नाय. ऊन लागलं का एखादा पेड बिघडतो — तुमचा, माझा, सगळ्यांचा, रोज! पण अंगातच कारागीर असतात, ते बिघडला तेवढा तुकडा कापतात, दुसऱ्या पेडाकडं बघून नवा भरतात. आपल्याला पत्ता पण लागत नाय. भाविकाच्या अंगात ते कामच होत नाय हो! रोजचं बिघडलेलं तसंच साचतं. आधी ते डाग, मग नाकावर गाठ — दोनदा कापली, आठ वर्षांची पोर! आणि आपण तान्हेपणी तिला तेल लावून कोवळ्या उन्हात झोपवत होतो. कोवळं म्हणे!

मग डाक्टरनं इचारलं, नवराबायको नात्यातले काय? मी मान खाली घातली. खोट माझ्यात पण, यांच्यात पण — एकाच आज्याकडनं आलेली. एकाकडनं जरी चांगलं मिळालं तरी भागतं, हिला दोघांकडनं खोटच मिळाली. रेश्मा धडधाकट हाय, पण तिच्यात दडलेली असंल. पंकजात पण असंल. नसंल पण — पण खात्री कोण देणार, तुमी?

रेश्मा जेवत नाय कालपासनं. तिला आवडतो तो, मला काय कळत नाय? माझा पण जीव तुटतो. पण रडू दे तिला आत्ताच. पुढं पोर मांडीवर घेऊन रडण्यापेक्षा बरं. तुमाला काय, तुमी येता, भाविकाच्या तोंडावरनं हात फिरवता, जाता. पट्टी सोडताना मी धरते हिला. खरं सांगू? मला आधी कळलं असतं ना, तर ही पोर मी जन्मालाच येऊ दिली नसती, पोटातच —

भाविका?

कवापासनं उभी हायस गो?

...नाय गो, तसं नाय... इकडं ये. ये ना.

वन्सं, तुमी निघा. निघा म्हणते ना!