माझं काय, मी कुठेही उभा राहीन

…अहो, खुंटीसुद्धा नाही! म्हणजे खुर्च्या नाहीत, ठीक आहे, स्टेज नाही, तेही ठीक आहे, पंखे दिसेनात, ते म्हणे छतात लपवलेत, चला, लपवा बापडे… पण माणूस आत आला, हातात पिशवी आहे, ती अडकवायला भिंतीला एक खुंटी? नाही! नुसत्या पांढऱ्या भिंती, खाली गुळगुळीत राखाडी जमीन, वर उंचच उंच छत, आणि मधे आम्ही तिघं, मी, आमची ही आणि आमची मुलगी, रिकाम्या डब्याच्या तळाशी तीन शेंगदाणे उरावेत तसे. मी त्या हॉलवाल्याला विचारलं, केसांचा छानसा बुचडा बांधलेला तरुण माणूस, म्हटलं बाबा रे, मुलीचं लग्न करायचंय, तुझ्या हॉलमध्ये आहे काय काय? तर त्याने दोन्ही हात पसरले आणि बक्षीस जाहीर करावं तसा म्हणाला, "काहीच नाही, काका. तीच तर मजा आहे. सगळं तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून या दोन शब्दांनी माझ्या डोक्याला भुंगा लावलाय.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला मोकळ्या जागेचं एवढं वावडं का? तर मी सिनेमा थिएटरात डोअरकीपर होतो. अख्खी नोकरी दारात उभं राहून केली. तिकीट बघायचं, बॅटरी मारायची, 'एच रांग, आतून चौथी, पाय सांभाळा'… माझ्या जगात प्रत्येक माणसाला एक नंबर असतो आणि त्या नंबराची खुर्ची जमिनीला ठोकलेली असते. 'मी जरा इकडे बसलो तर चालेल का हो?' नाही चालणार! तुमची जागा जे आठ, तुम्ही जे आठवर बसा, शेजारचा जे नऊवर बसेल, जगात शांतता नांदेल. अशा माणसाला निवृत्तीनंतर कोणीतरी सांगतंय की खुर्च्याच नाहीत, रांगाच नाहीत, पडदा कुठल्या भिंतीला आहे तेसुद्धा तुम्ही ठरवा. झोप उडेल नाहीतर काय होईल?

मुलीचं म्हणणं असं, की लग्न आमच्यासारखं दिसलं पाहिजे. म्हटलं, तुझ्यासारखं म्हणजे कसं, उशिरा उठणारं? ती हसली. ती माझ्या विनोदांना हसते, लहानपणापासून हसते, वाईट विनोदांना जरा जास्तच हसते, ते जाऊ दे. तर यांचं लग्न म्हणजे काय, की मोजकी माणसं जमणार, हे दोघं मधे उभे राहणार, स्वतः लिहिलेली चार वाक्यं एकमेकांना म्हणणार, सह्या करणार, संपलं. मी म्हटलं छान आहे, सुटसुटीत आहे, मग एवढा डोकेदुखीचा हॉल कशाला? तर नाही, तयार हॉलमध्ये म्हणे सगळं आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. अगं, तेच तर बरं असतं!

मग आली प्लॅनर. हुशार मुलगी हो, नावं ठेवायला जागा नाही, पण बोलते अशी की ऐकताना आपल्याला धाप लागते. गळ्यात मोजपट्टी, मनगटात बांगडीसारखी पिवळी चिकटपट्टी. ती काय करते, तर जमिनीवर चिकटपट्टी लावते. इथे टेबलं येणार, लाव पट्टी. इथे वाजवणारे बसणार, लाव पट्टी. आमच्या विहीणबाई गुडघ्यांनी बेजार, त्यांना विचारलं तुमची खुर्ची कुठे ठेवू, तर म्हणाल्या, फार पुढे नको, सगळे बघतात, फार मागे नको, काही दिसत नाही, गार झोत अंगावर नको, पण उकडायलाही नको. प्लॅनर म्हणाली, मग तुम्ही ठरवा. झालं! विहीणबाई पर्स घेऊन हॉलभर फिरल्या, इथे थांब, तिथे थांब, मान वर कर, वारा बघ, आणि शेवटी जिथे पोरं लग्न करणार होती त्या नेमक्या जागी येऊन म्हणाल्या, इथे बरं वाटतंय. प्लॅनरने काय करावं? मुकाट्याने तिथेही पट्टी लावली.

आणि एवढं सगळं करून पुढच्या वेळी जावं तर पट्ट्या उपटलेल्या! म्हटलं, हे काय? तर प्लॅनर म्हणते, "फायनल नाहीये काका, फॅमिलीकडून एक उत्तर यायचंय, त्याच्याशिवाय मला काहीच पक्कं करता येत नाही." आता फॅमिलीकडून उत्तर म्हणजे कोणाचं, हे मला न सांगता कळलं, आणि ते कळल्यावर मी पुन्हा विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

त्याचं असं आहे, की मुलगी मला काका म्हणते. तिचे बाबा वेगळे. ते परगावी असतात. हिचं आणि त्यांचं पटलं नाही, वेगळे झाले, मुलगी तेव्हा अगदी लहान, आणि या मायलेकी एकदा आमच्या थिएटरात आल्या. उशिरा आल्या, खेळ सुरू झालेला. मी बॅटरी मारली. डोअरकीपर बॅटरी तोंडावर मारत नाही, पायांवर मारतो, त्यामुळे माझी आणि हिची ओळख पायांपासून आहे, चेहरा मध्यंतरात बघितला. सिनेमा संपला तेव्हा पोरगी खुर्चीत गाढ झोपलेली, हिच्या हातात सामान, म्हटलं द्या इकडे, मी उचलतो. रिक्षापर्यंत उचलून नेली. तिने झोपेत माझ्या शर्टावर लाळ गाळली आणि कॉलर घट्ट धरून ठेवली. आता तुम्हीच सांगा, त्यानंतर माणूस जाणार कुठे?

आणि बाबा वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं! पण तेही नाही. फोन करतात, वाढदिवस विसरत नाहीत, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. मी यांच्यावर चिडायचे किती प्रयत्न केले, जमतच नाही. चांगला माणूस, काय करणार!

म्हणून मला वाटलं, अडलंय ते बाबांच्या उत्तरावर. आणि खरं सांगू? मला भीती वाटायला लागली. बाबा येतील, यायलाच हवेत. मग तिच्या शेजारी कोण उभं राहणार? तयार हॉल असता तर कोणीतरी ओरडून सांगितलं असतं, तुम्ही इकडे व्हा, तुम्ही तिकडे सरका, दोष त्याच्यावर ढकलता आला असता. इथे दोष ढकलायला भिंतीवर साधी खुंटी नाही. इथे तिला ठरवावं लागणार, सगळ्यांच्या देखत, आणि ठरवताना ती एकदा माझ्याकडे बघेल, कसनुसं हसेल… ते हसणं मला बघायचं नव्हतं.

मग मी काय केलं, तर कामं मागून घेतली. म्हटलं दिव्यांची बटणं मी बघतो. गाड्या कुठे लावायच्या ते मी बघतो. जेवणाच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, लोकांच्या पिशव्या, खुंटी नाहीये ना, मी हातात धरतो! काम असलं की माणसाला जागा लागत नाही. मधूनमधून मुलगी विचारायची, भाजी निवडताना विचारायची, स्कूटरवर मागे बसून कानाशी विचारायची, "काका, तुम्ही कुठे असणार त्या दिवशी?" मी म्हणायचो, माझं काय, मी कुठेही उभा राहीन. मला वाटायचं, सुटली बिचारी.

मागच्या आठवड्यात रंगीत तालीम. म्हणजे सगळ्यांनी येऊन आपापल्या जागी उभं राहून बघायचं. मी पोचलो तर जमिनीवर पिवळ्या फुल्याच फुल्या, आणि प्रत्येक फुलीवर नाव. इथे नवरी, इथे नवरा, तिथे आई, ही विहीणबाईंची, मधली, ते व्याही. आणि पुढच्या ओळीत, ठळक अक्षरात, बाबा. उत्तर आलेलं दिसत होतं. मी म्हटलं, चला, चांगलं झालं. आणि मग मी शर्टाचं बटण पडल्यासारखं करत सगळा हॉल पालथा घातला. पुढची ओळ बघितली, मागची बघितली, खांबाच्या मागे बघितलं, अहो, जेवणाच्या टेबलांखाली वाकून बघितलं! माझी फुली नव्हती.

ही म्हणाली, काय शोधताय? म्हटलं, बटण. ही म्हणाली, सगळी बटणं जागेवर आहेत. बायको असं बोलते आणि मग दुसरीकडे बघते, म्हणजे तिला सगळं कळलेलं असतं.

आता वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू! पण मीच म्हटलं होतं ना, कुठेही उभा राहीन? मग मी आवाजात जितका आनंद भरता येईल तितका भरला आणि मुलीला म्हटलं, हे बघ, माझं ठरलं, मी बाहेर थांबतो, येणाऱ्या माणसांना जागा दाखवतो, माझा धंदाच आहे तो.

तुम्हाला सांगतो, या मुलीला मी एवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. आवाज नाही चढवला. हळू बोलली, तेच वाईट.

"काका, मी तुम्हाला किती वेळा विचारलं?"

म्हटलं, अगं, पण मी सांगितलं ना…

"कुठेही म्हणजे कुठे? सासूबाईंची खुर्ची सोडली तर सगळ्यांना मी सांगितलं, तुम्ही इथे उभे राहा, तुम्ही तिथे. बाबांनाही सांगितलं. तुम्हाला एकट्याला विचारलं. तुम्ही जिथे असाल तिथून मला बाकीचं मांडायचंय. आणि तुम्ही बाहेर थांबताय?"

मी प्लॅनरकडे बघितलं. ती मान हलवत होती. म्हणाली, "तुमच्याच उत्तरासाठी थांबलेय मी. हे सगळं कच्चंच आहे." म्हणजे बघा! माझ्यामुळे! पट्ट्या उपटल्या गेल्या माझ्यामुळे, विहीणबाई ताटकळल्या माझ्यामुळे, आणि मी आपला बटणं शोधतोय!

मी म्हटलं, बाळा, मला नाही हे जमत, तू सांग ना कुठे ते. ती म्हणाली, "नाही. तुम्ही ठरवा."

पुन्हा तेच दोन शब्द! पण तिच्या तोंडून आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांचा अर्थ काय असतो.

मग मी निघालो. सगळे बघतायत, आणि मी त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये स्वतःसाठी जागा शोधतोय. आधी अगदी मधे जाऊन उभा राहिलो. चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं. खिडकीशी गेलो, ऊन डोळ्यात गेलं. खांबाला टेकलो, ही म्हणाली, लपू नका. मग मी विचार करायचं सोडून दिलं आणि पाय नेतील तिकडे गेलो, आणि पायांनी मला कुठे नेलं असेल? दारात! चौकटीला पाठ, तोंड आत, हात मागे. जिथे मला बरं वाटतं तिथे. आणि लगेच लाज वाटली, की अरेरे, एवढी पोरीने जागा देऊ केली आणि हा माणूस गेला पुन्हा दारातच उभा राहिला!

पण ती आली. प्लॅनरच्या मनगटातली चिकटपट्टी काढून घेतली, खाली बसली आणि माझ्या बुटांच्या पुढ्यात फुली मारली. म्हणाली, "शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही अगदी मागे, दारात उभे असायचात. मी स्टेजवरून सगळा वेळ दाराकडेच बघायचे. मला वाटलंच होतं तुम्ही इथे याल. पण मला तुम्हाला ढकलून उभं नव्हतं करायचं."

आणि मग माझ्या फुलीला लागून दुसरी फुली मारली. म्हणाली, ही माझी.

विहीणबाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला, तो परत करायचा राहिलाय.

तर आता परिस्थिती अशी आहे, की लग्न दारात आहे. दारात! नवरी माझ्या उजवीकडे, नवरा तिच्या पलीकडे, ही माझ्या डावीकडे, बाबांची फुली आमच्या समोर पहिल्या ओळीत. त्यांना फोन केला तर म्हणाले, फार छान केलंत. चांगला माणूस, काय करणार! प्लॅनर कपाळाला हात लावून बसली, कारण मधला सगळा हॉल मोकळा आणि गर्दी उंबरठ्याशी. हॉलवाला बुचडा सोडून पुन्हा बांधतोय. एक विहीणबाई तेवढ्या खूश, त्यांची खुर्ची मधे होती, मधेच राहिली, लग्न तिथून निघून गेलं.

तेव्हा तुम्ही सगळ्यांनी यायचं, पण समोरच्या मोठ्या दाराने येऊ नका, तिथे आम्ही असू. मागे जाऊन सामानाच्या शटरने या, जरा वाकून या. आणि आत आल्यावर कुठे बसायचं ते मला विचारू नका, मला जागेवरून हलायचं नाही असं बजावलंय पोरीने. डोअरकीपर कधी अख्खा सिनेमा बघत नाही हो, दार उघडायचं, बंद करायचं, अर्धी गोष्ट त्यातच जाते. आयुष्यात पहिल्यांदा एक खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या स्वतःच्या जागेवरून बघायचाय… आणि डोळ्यांना तर आत्तापासूनच धार लागलीय. दिसणार काय मला? कपाळ!