गाढव कुणी विकलं?

(सिडकोतलं घर. सुलेखा नुकतीच शेंद्र्याच्या कंपनीतून आलीय. सासरे कडुबा पलंगावर. चौथीतली लेक राजनंदिनी आतल्या खोलीत.)

सुलेखा : पोरगी आत फुरंगटून बसलीय, आबा. काय सांगितलं तिला?

कडुबा : गोष्ट. तू आणल्याल्या पुस्तकातली. मालकानं पाचोडच्या बाजारात गाढव विकलं.

सुलेखा : अहो, गाढवानं मालकाला विकलंय!

कडुबा : व्हय? चष्मा लई जुना झालाय माझा.

सुलेखा : काल हत्ती विहिरीत बुडवलात, परवा राणी माहेरी धाडलीत. पोरीला धड वाचता येत नाय म्हणून बाईंनी शाळेत बोलावलं मला. लाज वाटली हो. रडू आलं रिक्षात. एवढी पुस्तकं आणली, अन् तुम्ही...

कडुबा : महिनाभर धूळ खात पडली ती. हळू बोल. आतून पानं उलटल्याचा आवाज येतोय का?

सुलेखा : येतोय... आबा! तुम्ही मुद्दाम?

कडुबा : गप. आली बघ.

राजनंदिनी : आबा, सापडलं! सतरावं पान! तुम्ही खोटं सांगितलं!

कडुबा : साठ वर्षं गोष्टी सांगतोय मी. गाढव विकलं म्हंजे विकलं.

राजनंदिनी : मग हे काय? "गाढवाने मा... मालकाच्या गळ्यात दोर बांधला आणि आरोळी ठोकली, घ्या हो घ्या, मालक घ्या! खातो फार, पण लाथ मारत नाही!"

कडुबा : लाथेचं तू घुसवलंस.

राजनंदिनी : नाही! इथं बोट ठेवा. ला-थ.

कडुबा : छापणाऱ्याची चूक असंल. अन् घेतला कुणी असला मालक?

राजनंदिनी : "एका म्हशीने त्याचे दात तपासले. म्हणाली, दात बरे आहेत, पण हा रात्री घोरतो का? गाढव म्हणाले, घोरतो, पण सुरात."

सुलेखा : अगं... या वेळी कुठंच अडखळली नाय.

कडुबा : हरलो बुवा. सुलेखा, डोळे पूस अन् चहा टाक. मी जरा पाय मोकळे करून येतो.

सुलेखा : गेले. नंदू, एक सांगू? आबा ना...

राजनंदिनी : मुद्दाम चुकतात. माहितीय मला. रोज अख्खा पेपर वाचतात ते, चष्म्याशिवाय.

सुलेखा : मग भांडतेस कशाला एवढी?

राजनंदिनी : त्यांना सांगू नको हं, आई. कळलं तर उद्यापासून बरोबर सांगतील.